सायबर सिक्युरिटीचा विषय गळ्यात पडलाय? नाशिकच्या नवीन सर-मॅडमसाठी, अगदी सुरुवातीपासून

जूनमधे लोड वाटप होतं तेव्हा डीबीएमएस कोणाला, ओएस कोणाला हे पटकन ठरतं आणि शेवटी सायबर सिक्युरिटी उरतं, ते मग नवीन जॉईन झालेल्या सरांकडे नाहीतर मॅडमकडे जातं. बारा वर्षांपूर्वी मला असंच मिळालं होतं आणि आता दरवर्षी गंगापूर रोड, आडगाव, सिन्नर अशा कुठल्या ना कुठल्या कॉलेजातून फोन येतो, "मॅडम, सिक्युरिटी मिळालंय, पीएचडीपण करायचीय, सुरुवात कुठून करू?" प्रत्येकाला फोनवर तासभर सांगते, तरी निम्मं राहून जातं, म्हणून इथे एकदाच सगळं लिहून काढतेय. एमई करणाऱ्या पोरांनाही चालेल.

एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. शिकवणं आणि रिसर्च हे दोन वेगळे डबे समजू नका. सकाळी लेक्चर घ्यायचं, संध्याकाळी त्याच्याशी काही संबंध नसलेला पेपर लिहायचा, असं केलं की दोन्ही पातळ होतात. या विषयात तरी चांगले प्रश्न वर्गातून आणि लॅबमधूनच निघतात, कसे ते पुढे येईलच.

पहिली पायरी: काली बाजूला ठेवा, टर्बो सी बंद करा

नवीन माणूस पहिल्या आठवड्यात काली लिनक्स (हॅकिंगची टूल्स आधीच भरलेली ऑपरेटिंग सिस्टिम) टाकतो आणि त्यातली दहा टूल्स चालवून बघतो. टूल चालतं, पोरं खूश होतात, पण मागच्या बाकावरून कोणी विचारलं की सर हे झालं कसं, तर आपल्याकडे उत्तर नसतं. म्हणून काली नंतर. साधं उबुंटू घ्या, जीसीसी कंपायलर घ्या, जीडीबी डीबगर घ्या आणि प्रोग्राम चालताना मेमरीत काय कुठे बसतं हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आणि हे टर्बो सीमधे करू नका प्लीज. अजूनही कितीतरी लॅबमधे डॉसबॉक्स लावून ती निळी स्क्रीन चालते, ते डॉसच्या काळातलं १६ बिटचं प्रकरण आहे, तिथे स्टॅक कॅनरी (मेमरीतली पहाऱ्याची किंमत, ती बदलली की गडबड कळते) नाही, ॲड्रेस रँडमायझेशन (दर वेळी मेमरीतले पत्ते बदलणं) नाही, त्यामुळे आजच्या मशीनवर हल्ला कसा होतो आणि कसा अडवला जातो यातलं काहीच पोरांना दिसत नाही. गेट्स नावाचं फंक्शन २०११ च्या सी स्टँडर्डमधून चक्क काढून टाकलंय, कारण ते सुरक्षितपणे वापरताच येत नाही, आणि आपल्या लॅब मॅन्युअलमधे ते अजून पहिल्या प्रॅक्टिकलला असतं. हे बदलायला कोणाची परवानगी लागत नाही, मॅन्युअल आपणच लिहितो.

आता एक प्रयोग सांगते, माझा सगळ्यात आवडता, दहा मिनिटांत होतो. सीमधे एक स्ट्रक्चर करा. त्यात पहिला मेंबर ८ कॅरेक्टरचा ॲरे, त्याला नाव म्हणा, दुसरा मेंबर इंट, त्याला परवानगी म्हणा. परवानगीत शून्य टाका. मग स्कॅनएफने पर्सेंट एस वापरून नाव वाचा, लांबीची मर्यादा न घालता. शेवटी परवानगी शून्य नसेल तर "दार उघडलं" असं प्रिंट करा आणि परवानगीची किंमतही प्रिंट करा. ऑप्टिमायझेशन न लावता कंपाइल करा.

आता रोमन अक्षरांत गोदावरी टाइप करा. बरोबर ८ अक्षरं. काही होत नाही, दार बंद. मग पंचवटी टाइप करा, रोमनमधे, "च"नंतरचा ए न लिहिता, म्हणजे ९ अक्षरं होतात. दार उघडतं आणि परवानगीची किंमत १०५ दिसते.

वर्गात इथे थांबा आणि विचारा की १०५ कुठून आलं. कोणीतरी पाच मिनिटांनी ओरडतं, "मॅडम, शेवटच्या आयची ॲस्की व्हॅल्यू!" बरोबर, नववं अक्षर परवानगीच्या पहिल्या बाइटवर जाऊन बसलं. पण खरा प्रश्न पुढे आहे, गोदावरीला काहीच का झालं नाही? कारण स्ट्रिंगच्या शेवटी एक शून्य बाइट लागतो, तो नववा, म्हणजे बफरच्या, आपल्या ॲरेच्या, बाहेर लिहिणं तेव्हाही झालं होतं, फक्त शून्यावर शून्य पडलं म्हणून दिसलं नाही. बग होता, लक्षण नव्हतं. हा एक मुद्दा पोरांच्या डोक्यात नीट बसला ना तर अर्धा विषय शिकवून झाला असं मी मानते.

स्ट्रक्चर का घ्यायचं हेही सांगा, सुटे व्हेरिएबल घेतले तर कंपायलर त्यांची जागा हवी तशी ठेवतो, स्ट्रक्चरमधे क्रम बदलता येत नाही. आणि स्टॅक प्रोटेक्टर (मघाची कॅनरी घालणारा कंपायलरचा पर्याय) चालू असला तरी हा प्रकार त्याला पकडता येत नाही, ॲड्रेस सॅनिटायझरही (मेमरीतल्या चुका पकडणारं साधन) नेहमीच्या सेटिंगमधे गप्प बसतो, कारण लिहिणं त्याच ऑब्जेक्टच्या आत झालं. मग ॲरे स्ट्रक्चरच्या बाहेर काढा, सॅनिटायझर लावून परत चालवा, आता तो लगेच बोंब मारतो. कुठलं संरक्षण काय पकडतं आणि काय सोडतं हे पोरं स्वतः बघतात, वहीत लिहून देण्याची गरज उरत नाही.

एवढं जमलं की पुढचे दोन महिने स्वतःसाठी काढा, ऑनलाइन सरावाच्या या साइट्ससाठी. ओव्हरदवायरचं बॅन्डिट करा, त्यात लिनक्सची कमांड लाइन पक्की होते. मग कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीचं पिकोसीटीएफ, ते मुळात शाळेतल्या पोरांसाठी आहे, तरी लाजू नका, मी चाळिशीत केलं. त्यानंतर ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचं पॉन डॉट कॉलेज. सगळं फुकट आहे. रोज एक तास, बस.

दुसरी पायरी: परवानगी, कागदावर

हे टाळून पुढे जाऊ नका. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला एका संस्थेच्या फी पोर्टलमधे दिसलं की लिंकमधला नंबर एकाने वाढवला की दुसऱ्याची पावती उघडते, नाव, मोबाइल नंबर सगळं. पोरगा सरळ मनाचा, ऑफिसात जाऊन त्याने सांगितलं. त्याच्याकडून माफीपत्र लिहून घेतलं, वडिलांना गावाहून बोलावलं आणि पोर्टल पुढचे कित्येक दिवस तसंच होतं. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण परवानगी म्हणजे काय आणि सापडलेली गोष्ट कोणाला, कशी कळवायची हे मी त्याला शिकवलंच नव्हतं, मी फक्त बग कसा शोधायचा ते शिकवलं होतं.

त्यामुळे आता पहिलं लेक्चर कायद्याचं. आयटी ॲक्ट २०००, कलम ४३, परवानगीशिवाय कोणाच्या कॉम्प्युटरमधे शिरणं, डेटा काढून घेणं वगैरे. हेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "मी फक्त बघत होतो" हे स्पष्टीकरण पोलीस स्टेशनात बसून द्यायला लागू नये, एवढ्यासाठी हे सांगायचं.

सेमिस्टर सुरू होण्याआधी एका पानाचं पत्र तयार करा. कोणत्या मशीनवर काम होणार, कोणत्या तारखांना, काय करणार नाही, काही सापडलं तर कोणाला सांगणार. एचओडींची सही घ्या, प्राचार्यांची मिळाली तर उत्तम. पोरांकडूनही एक पान सही करून घ्या. लॅबच्या बाहेर, कॉलेजच्या ईआरपीवर, वायफायवर, शेजारच्याच्या मोबाइलवर काहीही नाही. आणि बाहेरच्या कोणाच्या सिस्टिममधे खरंच काही दिसलंच तर त्या कंपनीचं सिक्युरिटी कळवायचं पान शोधा, नाहीतर सर्ट-इन, ही सायबर सुरक्षेची सरकारी संस्था आहे, २००४ च्या जानेवारीपासून काम करतंय, आपल्या देशात अशा गोष्टी कळवायची अधिकृत जागा तीच, आणि त्रुटीला सीव्हीई नंबर (त्रुटींच्या जागतिक यादीतला क्रमांक) द्यायचा अधिकारही त्यांना आहे. रिपोर्ट पोराने एकट्याने पाठवू नये, खाली आपलं नाव असावं.

तिसरी पायरी: लॅब, आहे त्या मशीनवर

यावर फार लिहीत नाही कारण लोक इथेच अडकून बसतात, बजेट आलं नाही, सर्व्हर आला नाही. ८ जीबी रॅमचं जुनं मशीन पुरतं. व्हर्च्युअलबॉक्स (एका मशीनमधे दुसरं आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, नेटवर्क होस्ट-ओन्ली करा म्हणजे हल्ल्याचं ट्रॅफिक बाहेर जाणार नाही. सिराक्यूज युनिव्हर्सिटीचे वेन्लियांग डू यांनी २००२ पासून बनवलेल्या सीड लॅब्स घ्या, प्रत्येक प्रयोगाची शीट तयार आहे. वेबसाठी डीव्हीडब्ल्यूए किंवा ओवॅस्पचं ज्यूस शॉप, ही सरावासाठी मुद्दाम कमकुवत ठेवलेली वेब ॲप्स आहेत. सगळ्या इमेजेस घरून एकदाच डाउनलोड करा आणि दोन-तीन पेनड्राइव्हवर ठेवा, कारण सबमिशनच्या आठवड्यात कॉलेजचं नेट चालेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

चौथी पायरी: कपाटातले मिनी प्रोजेक्ट बाहेर काढा

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. प्रत्येक डिपार्टमेंटमधे एक कपाट असतं, त्यात जुन्या बॅचच्या सीडी आणि स्पायरल बाइंडिंग. लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्टेल मॅनेजमेंट, कांदा मार्केटचं बिलिंग, द्राक्ष बागायतदारांसाठी ॲप. ते उघडा. लॉगिनचं पान बघा. डेटाबेसला पाठवायची क्वेरी स्ट्रिंग जोडून जोडून केलेली असते, युजरने टाकलेलं नाव थेट कोट्सच्या मधे. पासवर्ड डेटाबेसमधे जसाच्या तसा. ज्यूस शॉप कितीही चांगलं असलं तरी ते मुद्दाम मोडकं बनवलंय हे पोरांना माहीत असतं. स्वतःच्या सीनियरने मनापासून लिहिलेला कोड दोन मिनिटांत उघडतो हे बघून वर्गात जी शांतता पसरते ती वेगळीच असते. पहिल्यांदा केलं तेव्हा एक मुलगी मागून म्हणाली, "मॅडम, माझा पण असाच आहे." ती त्या रात्री होस्टेलवर बसून तिचा अख्खा प्रोजेक्ट दुरुस्त करून आली, मार्क तर कधीच मिळून गेले होते.

दोन नियम मात्र पाळा. कोड लिहिणाऱ्याचं नाव काढून टाका, कोणाला हसायचं नाही, आणि हे वर्गात आधीच सांगा. दुसरं, हल्ला दाखवून तास संपवायचा नाही. प्रत्येक हल्ल्याच्या शेवटी पॅच, म्हणजे दुरुस्ती. मी जोड्या करते, एकाने तोडायचं, दुसऱ्याने पॅरामीटराइज्ड क्वेरी (युजरने टाकलेलं क्वेरीपासून वेगळं ठेवणारी) वापरून दुरुस्त करायचं, मग पहिल्याने परत तोडायचा प्रयत्न करायचा. मार्क दुरुस्तीला जास्त ठेवा, तोडण्याला कमी. तोडायचा नाद आपोआप लागतो, दुरुस्तीची सवय लावावी लागते.

थिअरी शिकवतानाही आपल्या आसपासचं घ्या. केर्कहॉफ्सचं १८८३ मधलं तत्त्व आहे ना, की सिस्टिमची सगळी रचना शत्रूला माहीत झाली तरी चाललं पाहिजे, गुप्त फक्त की, म्हणजे किल्ली, असावी. पोरांना पटत नाही, त्यांना वाटतं अल्गोरिदम लपवला की जास्त सेफ. मी त्यांना नोट काढायला सांगते. आपल्या नाशिकरोडला करन्सी नोट प्रेस १९२८ पासून आहे, वर्गातल्या एखाद्याचे आजोबा तिथून रिटायर झालेले निघतातच. नोटेत वॉटरमार्क कुठे, धागा कुठे, हे रिझर्व्ह बँक स्वतः पोस्टर लावून सांगते, कारण भाजीवाल्या मावशींनाही खरी-खोटी ओळखता आली पाहिजे. खुणा माहीत झाल्या म्हणून नोट बनवता येत नाही. मग हेही सांगा की हे उदाहरण एका ठिकाणी सुटतं, नोटेची ताकद कागद, शाई आणि यंत्रांत आहे, आपल्याकडे ती सगळी एका कीमधे असते, म्हणून की कोडमधे लिहून ठेवली की सगळं गेलं. आणि मिनी प्रोजेक्टमधे की कोडमधेच लिहिलेली असते. परत कपाट उघडा.

अजून एक. आपल्याकडे निफाड, कळवण, दिंडोरीहून मराठी मीडियमची खूप पोरं येतात. पेपर इंग्रजीत लिहायचाय म्हणून लेक्चरही पूर्ण इंग्रजीत घ्यायचा हट्ट करू नका. टर्म इंग्रजी ठेवा, समजावणं मराठीत. रेस कंडिशन मी सीबीएस स्टँडवरच्या एसटीतल्या जागेवरून शिकवते, खिडकीतून रुमाल टाकला, वर चढेपर्यंत मधे दुसरा बसला. जागा रिकामी आहे हे बघितलं तेव्हा आणि बसायला गेलो तेव्हा, या दोन्हीच्या मधे जो वेळ गेला तोच बग. नंतर व्याख्या इंग्रजीत लिहून देते आणि ती त्यांना कायमची लक्षात राहते.

पाचवी पायरी: प्रश्न शोधणं

इथे एक जुनी गोष्ट सांगते. १९८८ मधे विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीत बार्टन मिलर नावाचे प्राध्यापक एका वादळी रात्री घरून मोडेमने युनिक्स मशीनवर काम करत होते. पावसामुळे फोन लाइनवर खरखर, मधेच भलतीच अक्षरं घुसायची. त्याचं त्यांना नवल नव्हतं, नवल याचं वाटलं की त्या कचरा अक्षरांनी चांगले नेहमीचे प्रोग्राम क्रॅश होत होते. आपल्यापैकी कोणीही लाइनला शिव्या देऊन झोपलो असतो. त्यांनी त्याची वर्गाला असाइनमेंट दिली, रँडम अक्षरं तयार करणारा प्रोग्राम लिहा आणि युनिक्सची टूल्स त्यावर चालवून बघा. १९९० मधे पेपर आला, नव्वदच्या आसपास टूल्स, युनिक्सच्या सात आवृत्त्या, प्रत्येकीवर २५ ते ३३ टक्के टूल्स कोसळली. यालाच आपण आज फझिंग म्हणतो, एका क्लास असाइनमेंटमधून अख्खं रिसर्च क्षेत्र उभं राहिलं. म्हणून मी म्हणते की लॅबमधे काही विचित्र झालं की पीसी रिस्टार्ट करायच्या आधी वहीत लिहा.

आपल्याकडे असे प्रश्न आहेत का? भरपूर. मघाचा ८ कॅरेक्टरचा ॲरे आठवा आणि त्यात देवनागरीत नाशिक टाइप करा. दिसायला तीन अक्षरं. युनिकोडमधे न, काना, श, वेलांटी, क असे पाच कोडपॉइंट, आणि यूटीएफ-८ मधे देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइट घेतो, म्हणजे १५ बाइट, शेवटचा शून्य धरून १६. तीन अक्षरांनी ८ चा बफर दुप्पट भरला. आता विचार करा, मराठी नावं घेणारी किती सॉफ्टवेअर आपल्याकडे आहेत, सोसायट्यांची, पतसंस्थांची, बाजार समित्यांची, आणि त्यातली किती फक्त इंग्रजी नाव टाकून टेस्ट झाली असतील. ओपन सोर्स लायब्ररी निवडा, एएफएल प्लस प्लस सारखा फझर घ्या, त्याला सुरुवातीचे नमुने म्हणून मराठी मजकूर द्या, जोडाक्षरं, झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडणारं चिन्ह), मधेच तोडलेला बाइट, आणि फक्त इंग्रजी नमुन्यांशी तुलना करा. स्वतःच्या मशीनवर चालतं, परवानगीचा प्रश्न नाही, आणि मराठी लिहिणाऱ्या माणसाला हे दुसऱ्या कोणापेक्षा लवकर सुचेल.

दुसरा, जो मला सध्या झोपू देत नाहीये. २०२७ ला सिंहस्थ आहे. तंबू बुकिंग, हॉटेल, पूजा, दर्शन पास, याच्या नावाने खोट्या वेबसाइट येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्यांचा अभ्यास कोणालाही हात न लावता करता येतो. क्रोमला २०१८ च्या एप्रिलपासून नवीन सर्टिफिकेट (साइटची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र) सार्वजनिक लॉगमधे नोंदलेलं लागतं, नाहीतर तो साइट उघडत नाही. म्हणजे कुंभ, नाशिक, त्र्यंबक असे शब्द असलेलं डोमेन सर्टिफिकेट घेतं तेव्हा त्याची नोंद उघड्यावर येते, आणि ती सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी लॉगमधे फुकट शोधता येते. त्र्यंबकचं रोमन स्पेलिंग लोक चार-पाच प्रकारे करतात, ते सगळे घ्या. रोज एक स्क्रिप्ट चालवा, तारीख लावून साठवा. आजपासून साठवलं तरच पर्वणीच्या वेळी तुमच्याकडे आधीचं आणि नंतरचं असेल, मागाहून कितीतरी साइट गायब झालेल्या असतात.

पण घाई करू नका. नाव संशयास्पद म्हणून साइट खोटी ठरत नाही, पंचवटीतल्या एखाद्या गरीब लॉजवाल्याची खरी साइटही तशीच दिसते. खोटी कशाला म्हणायचं याचे निकष आधी लिहा, दोन जणांनी एकमेकांना न विचारता लेबल लावा, मग दोघांचं किती जुळतं ते कोहेनचा कॅपा (दोघांची सहमती दाखवणारा आकडा) काढून मोजा. साइटवर फॉर्म भरायचे नाहीत, पैसे भरून बघायचे नाहीत, आत शिरायचा प्रयत्न तर अजिबात नाही. आणि फसवणूक स्पष्ट दिसली तर पेपरची वाट बघत बसू नका, लगेच सायबर क्राइम पोर्टलवर कळवा, आणि कोणाचे पैसे गेले असतील तर त्याला आधी १९३० वर फोन लावायला सांगा. लोकांचे पैसे आपल्या डेटासेटपेक्षा महत्त्वाचे.

बाकी थोडक्यात. सातपूर-अंबडला कारखान्यांत मॉडबस अजून सर्रास चालतो, यंत्रं एकमेकांशी त्यातून बोलतात, तो १९७९ चा प्रोटोकॉल आहे आणि मूळ रूपात त्यात ओळख पटवणं हा प्रकारच नाही, लॅबमधे एक सिम्युलेटर लावून यावर सुंदर काम होतं, कारखान्याच्या खऱ्या मशीनला मात्र हात नाही, तिथे माणसं काम करतात. मराठीतले फसवणुकीचे एसएमएस गोळा करणं हाही चांगला विषय, फक्त नंबर आणि नावं पुसून.

सहावी पायरी: माणसं मधे आली की थांबा

मिनी प्रोजेक्टच्या कोडवरच पेपर लिहायचा झाला तर तो पोरांचा कोड आहे, त्यांची लेखी संमती घ्या, आणि नाही म्हटलं तर मार्कांवर परिणाम होणार नाही हे लिहून द्या. २०२१ मधे मिनेसोटा युनिव्हर्सिटीच्या संशोधकांचं प्रकरण गाजलं होतं. लिनक्स कर्नलवाले (लिनक्सचा गाभा सांभाळणारे) चुकीचे पॅच पकडतात का हे बघायला त्यांनी मुद्दाम दोष असलेले पॅच पाठवले, कर्नल सांभाळणाऱ्यांना न सांगता. प्रश्न महत्त्वाचा होता, मी मान्य करते. पण ज्यांच्यावर प्रयोग झाला ती माणसं होती, त्यांचा वेळ गेला, विश्वास गेला, युनिव्हर्सिटीकडून येणारे पॅच घेणंच बंद झालं आणि पेपर मागे घ्यावा लागला. आपल्या कॉलेजात एथिक्स कमिटी नसेल तर तीन जणांची करा, त्यातला एक तरी आपल्या विषयाबाहेरचा असू द्या.

सातवी पायरी: वाचन आणि पेपर

या विषयात चार कॉन्फरन्स मोठ्या. आयट्रिपलईची सिक्युरिटी अँड प्रायव्हसी, ती १९८० पासून आहे आणि जुने लोक तिला अजून ओकलंडच म्हणतात, मग युझेनिक्स सिक्युरिटी, एसीएमची सीसीएस आणि एनडीएसएस. नवीन माणसाने युझेनिक्सपासून सुरू करावं कारण तिचे सगळे पेपर फुकट डाउनलोड होतात, कित्येकांचे भाषणाचे व्हिडिओही असतात. आठवड्याला एकच पेपर, पण पूर्ण. आधी थ्रेट मॉडेल शोधा, हल्लेखोराला काय करता येतं आणि काय नाही असं लेखकाने धरलंय ते. तेवढं वहीत मराठीत दोन ओळींत लिहिता आलं नाही तर पुढे जाऊ नका. आणि आर्टिफॅक्ट (पेपरसोबतचा कोड, डेटा) तपासल्याचा बॅज असलेला पेपर निवडा, त्याचा कोड मिळतो, तो चालवा. दुसऱ्याचा निकाल आपल्या मशीनवर परत आणणं याच्याइतकं शिक्षण कशातच नाही, एमईच्या पोरांना मी पहिलं सेमिस्टर हेच देते.

छापायची घाई समजू शकते, प्रमोशन असतं, नॅकची फाइल असते. तरी पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलला नाही म्हणा. युजीसीने २०२५ मधे केअर लिस्टही (मान्य जर्नलची यादी) बंद केली, आता जर्नल तपासायची जबाबदारी आपल्या नि आपल्या संस्थेच्या गळ्यात आहे. साधी कसोटी सांगते, त्यात आलेले तीन पेपर वाचा, रिव्ह्यूअरने एक तरी अवघड प्रश्न विचारला असेल असं वाटतं का बघा. त्यापेक्षा चांगल्या कॉन्फरन्सच्या वर्कशॉपला किंवा पोस्टरला पाठवा. नकार येईल, पण सोबत तीन पानांचा रिव्ह्यू येतो आणि तो फुकटचा गाइड असतो, मला माझ्या पहिल्या नकारातून जेवढं कळलं तेवढं दोन एफडीपीत (शिक्षकांच्या प्रशिक्षण कार्यक्रमांत) कळलं नाही.

पीएचडीचं शेवटी. पेट (युनिव्हर्सिटीची पीएचडी प्रवेश परीक्षा) किंवा नेट द्या, ते वेगळं सांगायला नको. गाइड ठरवताना मात्र सीट कुठे रिकामी आहे एवढंच बघू नका, जाऊन भेटा आणि तीन गोष्टी विचारा. तुमच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे पेपर कुठे आले, ते मी वाचू का? माझा कोड आणि डेटा मी सगळ्यांसाठी खुला ठेवला तर चालेल का? आणि उद्या मला एखाद्या चालू प्रॉडक्टमधे खरी त्रुटी सापडली आणि त्या कंपनीचं वकिलाचं पत्र आलं, तर उत्तरावर माझ्या सहीच्या शेजारी तुमची सही असेल का? तिसऱ्या प्रश्नाला समोरचा किती वेळ थांबतो ते बघा, आणि "आधी रिपोर्टचा मसुदा मला दाखव, मग दोघं मिळून पाठवू" असं म्हणणारा गाइड भेटला तर विषय थोडा इकडचा तिकडे करावा लागला तरी त्यांच्याकडेच ॲडमिशन घ्या.